ज्येष्ठा नक्षत्र आणि आमच्या मुली

महाराष्ट्रातील गृहस्थाच्या घरी भाद्रपदाच्या शुक्लपक्षात जे तीन दिवस विशेष कोडकौतुकाचे समजले जातात ते गौरींचे होत. अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा क्रम आमच्या आजी-पणजींपासून चालत आलेला आहे. किंबहुना पूजन ज्येष्ठेवर होते म्हणूनच तिला ज्येष्ठा गौरी हे नाव पडले. सासरहून आलेल्या लेकीप्रमाणे तिचे स्वागत होते. उंबरठ्यापासून रांगोळीची पावले काढितात, तिला स्वयंपाकघर, कोठीची खोली असे सारे घर हिंडून दाखवितात, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य करून आळीतल्या सुवासिनींस हळदकुंकवास बोलावितात. पुढे दोन-अडीच महिन्यांनी तुळशीचे लग्न होऊन विवाहाची बोलणी सुरू झाली म्हणजे तोच गृहस्थ डोळ्यांवर चष्मा चढवून एखाद्या मुलीची पत्रिका हाती घेतो, आणि जन्मनक्षत्राच्या रकान्यात ‘ज्येष्ठा’ अथवा ‘मूळ’ हे शब्द दिसताच ती घडी घालून परत करितो. मुलगी शिकलेली आहे, निरोगी आहे, घराणे माहितीतले आहे, मुलाला ती पसंतही आहे; परंतु तिच्या जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्री होता त्या नक्षत्री तो असावयास नको होता! ज्या नक्षत्रावर देवीला पाट मांडावयाचा त्याच नक्षत्रावर जन्मलेल्या माणसाच्या मुलीला दार लावून घ्यावयाचे, ह्या दोन कृत्यांचा मेळ कसा बसतो हे आम्ही पुष्कळांस विचारून पाहिले. समाधानकारक उत्तर कोणाकडूनही मिळाले नाही.

ही समजूत नेमकी काय आहे ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण ती पाळणाऱ्यांपैकीही बहुतेकांस ती धड ठाऊक नसते. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेवरची सासूला, ज्येष्ठेवरची नवऱ्याच्या थोरल्या भावाला आणि विशाखेवरची धाकट्या दिराला, असा हा चौघींचा हिशेब आहे. इ. स. १६०० मध्ये काशी येथे राम दैवज्ञाने रचिलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’ ग्रंथात तो नमूद आहे, व त्याच ग्रंथात काही सवलतीही आहेत. विशाखेचे पहिले तीन चरण निर्दोष, मूळाचा शेवटचा चरण शुभ, आश्लेषेचा पहिला चरण शुभ, अशा त्या सवलती होत. परंतु आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट निराळीच आहे. मूळ व आश्लेषा ह्यांच्या दोषात ह्या ग्रंथाने एकट्या कन्येस गोविलेले नाही. कन्या आणि पुत्र दोघांचीही नावे त्यात आहेत. म्हणजे ग्रंथ प्रमाण मानावयाचा तर मूळावर जन्मलेला जावईदेखील आपल्या सासऱ्यास तितकाच घातक ठरतो. आजवर कोणत्या वरपित्याने वधूपित्यास असे कळविले आहे की, “आमचा मुलगा मूळावरचा आहे, तरी आपण आपल्या जीविताची काळजी घेऊन मगच होकार द्यावा”? शास्त्राच्या नावाने जे चालले आहे त्यातही अर्धे शास्त्र सोयीस्करपणे गाळून टाकिलेले आहे, आणि गाळलेला अर्धा भाग नेमका मुलग्यांचा आहे, हे काही योगायोगाने घडले नाही.

ह्या समजुतीचे परिणाम मात्र योगायोगाचे नव्हेत, तर दररोजचे आहेत. मुलगी मूळावरची निघाली की तिचा बाप असे घर शोधीत फिरतो, की ज्या घरातला सासरा आधीच वारलेला आहे. ज्येष्ठेवरची निघाली तर वर भावंडांत थोरला असावा लागतो. म्हणजे जी तारका मनुष्याचा प्राण घेण्यास समर्थ मानिली आहे, तीच प्राण घेण्याजोगा मनुष्य घरात नसला की एकदम निरुपद्रवी होते! ज्यांस असे घर सापडत नाही ते पत्रिकाच बदलून घेतात. जन्मवेळ पुरेशी मागेपुढे करून दिली की नक्षत्र पालटते, व हे काम करून देणारे लोक दुर्मिळ नाहीत. मग ज्या संसाराचा आरंभ खोट्या कागदाने झाला त्यात ती मुलगी आयुष्यभर जीव मुठीत धरून राहते. कारण खरी जन्मवेळ केव्हा उघडकीस येईल आणि थोरल्या दिराच्या साध्या तापाचे खापर केव्हा आपल्या माथी फुटेल ह्याचा तिला नेम नसतो. जननशांतीच्या नावाने जो खर्च होतो तो आम्ही येथे मोजीत नाही. पैसा पुन्हा मिळविता येतो. परंतु आठ-दहा वर्षांची पोर ‘ही अमक्या नक्षत्रावरची’ असे बोलणे घरातल्याच माणसांच्या तोंडून ऐकते, तेव्हा तिच्या मनात स्वतःविषयी जी धास्ती बसते ती कोणत्या शांतीने उतरते? पूर्वी निदान हा विषय दोन कुटुंबे व एक भटजी ह्यांच्यात राहत असे. हल्ली विवाह जुळविणाऱ्या संस्थांच्या छापील व संगणकीय अर्जांत जन्मनक्षत्राचा स्वतंत्र रकाना असतो, आणि ज्येष्ठा-मूळ पाहून मुलगी कोणाच्या नजरेस पडण्यापूर्वीच बाजूला काढिली जाते. यंत्र नवे आले. त्याच्याकडून काम मात्र जुनेच करवून घेतले जात आहे.

इतक्या भयास जी कारण झाली आहे ती ज्येष्ठा आहे तरी कशी, हे तिला नावे ठेवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. तिला पाहावयास दुर्बीण लागत नाही, की वेधशाळेत जावे लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर अथवा अंगणात आग्नेयेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिजापासून डोक्यापर्यंत जितके अंतर आहे त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर एक ठळक, शेंदरी छटेची तारका लुकलुकताना दिसेल. तिच्या दोन्ही बाजूंस एकेक मंद तारा आहे. हीच ज्येष्ठा. तिच्या वरच्या अंगास किंचित वाकलेल्या ओळीत ज्या तारका दिसतात त्या अनुराधेच्या, आणि खाली क्षितिजाकडे जी तारकांची माळ जाऊन आकडीसारखी वळते तिच्या टोकाशी नांगीच्या जागी मूळ नक्षत्र आहे. हे सर्व मिळून वृश्चिक होतो. आकाशातील पुष्कळशा राशींच्या आकृती कल्पनेस ताण दिल्यावाचून दिसत नाहीत. विंचू मात्र पाच वर्षांचे मूलही बोट दाखवून ओळखील. मृगाचा पाऊस लागला म्हणजे पुढे दोन-तीन महिने ढगांमुळे दर्शन कठीण. तथापि भाद्रपद-आश्विनात उघडीप मिळाली की संध्याकाळीच नैऋत्येस ही मंडळी पुन्हा दिसतात. मंगळ ह्या वाटेने जातो तेव्हा तर दोघांच्या रंगाची तुलना पाहण्याजोगी असते. युरोपातील लोकांनी हिला ‘अँटारेस’ म्हणजे मंगळाची प्रतिस्पर्धी हे ग्रीक नाव दिले ते ह्याच सारखेपणावरून. आमच्या पूर्वजांनाही हा रंग दिसला होता. तैत्तिरीय संहितेत ह्या नक्षत्राला ‘रोहिणी’ म्हणजे तांबडी असेच म्हटले आहे. आणि आज ज्या तारकेस आपण रोहिणी म्हणतो तीही तांबूसच असून आकाशात ज्येष्ठेच्या अगदी समोरासमोर आहे. एक मावळण्याच्या बेतात येते तेव्हा दुसरी उगवते. ज्यांनी ही जोडी हेरिली ते लोक रात्री आकाश पाहत होते. त्यांचे नाव सांगणारे आम्ही छापील कोष्टक पाहतो.

तांबड्या रंगाचे कारण अशुभ नाही, उष्णतेचे आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापू लागले की प्रथम लाल होते, व अधिक तापले की पिवळे आणि पांढरे. सूर्याच्या पृष्ठभागाची उष्णता सुमारे ५,५०० अंश सेल्सियस आहे, तर ज्येष्ठेची सुमारे ३,४००. म्हणून ती लाल. मात्र तिचा आकार मनात आणू गेल्यास बुद्धी थबकते. तिचा व्यास सूर्याच्या व्यासाच्या जवळजवळ सातशेपट आहे. सूर्याच्या जागी तिला आणून ठेविली तर बुध, शुक्र, आपली पृथ्वी व मंगळ ह्या सर्वांच्या कक्षा तिच्या पोटात जातील. सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाला तिच्यापासून आपल्यापर्यंत यावयास सुमारे साडेपाचशे वर्षे लागतात. आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा किरण निघाला तेव्हा दक्षिणेत बिदरची बहामनी सत्ता नांदत होती आणि शिवछत्रपतींचा जन्म व्हावयास अजून दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. ज्या दिवशी एखादी मुलगी जन्मली त्या दिवशी तिच्या गावावर पडलेला ज्येष्ठेचा प्रकाश अशा रीतीने शतकांपूर्वीचा होता; मग त्या मुलीच्या भावी नवऱ्याच्या थोरल्या भावाचा काटा काढण्याची योजना ज्येष्ठेने कोणत्या राजवटीत केली म्हणावयाची? आणखी एक मौज अशी की, नाव जरी ज्येष्ठा असले तरी वयाने ती फार लहान आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे; ज्येष्ठेचे एक-दीड कोटी वर्षांच्या घरात. एवढ्या प्रचंड तारका आपले इंधन उधळपट्टीने जाळतात व अल्पायुषी ठरतात; येत्या काही लाख वर्षांत केव्हा तरी ज्येष्ठेचा स्फोट होऊन तिचा शेवट होईल असा खगोलज्ञांचा अंदाज आहे.

इतरत्र लोकांनी ह्याच तारकेकडे पाहून काय केले त्याचेही एक उदाहरण देण्यासारखे आहे. चंद्राच्या वाटेपासून ज्येष्ठा फार दूर नसल्यामुळे काही वर्षे अशी येतात की, चंद्र दर फेरीस पृथ्वीच्या कोणत्या ना कोणत्या भागातून तिला झाकताना दिसतो; २०२३ साली सुरू झालेली अशा पिधानांची मालिका २०२८ पर्यंत चालावयाची आहे. १८१९ साली व्हिएन्ना येथील ब्यूर्ग नावाचा ज्योतिर्विद असेच एक पिधान पाहत होता. चंद्र बाजूला सरकला तेव्हा प्रथम एक मंद तारा प्रकट झाला आणि काही सेकंदांनी ज्येष्ठेचे तांबडे तेज फाकले. ज्येष्ठेला एक जोडीदार तारा आहे हे त्या क्षणी मनुष्यजातीस कळले. २०१७ साली चिली देशातील परानाल येथील दुर्बिणींचा एकत्र उपयोग करून तिच्या पृष्ठभागाचा व त्यावरील वायूंच्या हालचालींचा नकाशाही काढण्यात आला. चंद्र तोच, तारका तीच. चंद्र ज्येष्ठेपाशी आला असता तिकडे एक मनुष्य घड्याळ हातात धरून बसतो. आमच्याकडे त्याच वेळी सुइणीला वेळ विचारून घरात कुजबूज सुरू होते.

येथे कोणी म्हणेल की, तारका दूर असो की मोठी असो, दोष तारकेचा नसून चंद्र त्या नक्षत्री असण्याचा आहे. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. तो मान्य केल्यानेच खरी गंमत बाहेर येते. चंद्र पृथ्वीपासून पावणेचार-चार लक्ष किलोमीटरांवर आहे. तो ज्येष्ठेत जात नाही, तिच्या आसपासही जात नाही. गावाच्या वेशीवरून पाहिले असता रस्त्याने जाणारी मोटार लांबच्या डोंगरासमोरून सरकताना दिसते, म्हणून ती डोंगर चढली असे कोणी म्हणत नाही. चंद्राचा मार्ग मोजावयास आमच्या पूर्वजांनी वर्तुळाचे सत्तावीस सारखे भाग पाडिले, प्रत्येक भाग तेरा अंश वीस कलांचा ठरविला, आणि जवळच्या तारकांवरून त्या भागांस नावे दिली. कोस दाखविणाऱ्या दगडांचे जे काम तेच ह्या नक्षत्रांचे. ही योजना फार सोयीची व बुद्धिमत्तेची होती ह्यात शंका नाही. परंतु ह्या भागांचा आरंभ वर्तुळात कोठून धरावयाचा ह्याविषयी एकमत कधीच नव्हते, आणि आजही नाही. भारत सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमिली. तिचा अहवाल १९५५ साली झाला. चित्रा तारकेच्या समोरचा बिंदू हा आरंभ मानण्याची जी पद्धत त्या समितीने पत्करिली तीच हल्लीच्या बहुसंख्य पंचांगांत आहे. आता ह्या पद्धतीने ज्येष्ठा तारका कोठे येते? तारकेचे स्थान सुमारे २२५ अंश ५५ कलांवर येते, आणि ज्येष्ठा नावाचा भाग सुरू होतो २२६ अंश ४० कलांवर. म्हणजे ज्येष्ठा तारका स्वतः ज्येष्ठा नक्षत्रात नाही. ती अनुराधेच्या शेवटच्या चरणात आहे!

ह्याचा अर्थ वाचकांनी नीट मनात आणावा. चंद्र जेव्हा ह्या तांबड्या तारकेला अगदी चिकटून असतो, किंबहुना तिला झाकून टाकितो, तेव्हा पंचांगात नक्षत्र लिहिलेले असते अनुराधा, आणि त्या क्षणी जन्मलेली मुलगी निर्दोष. चंद्र तारकेस ओलांडून पुढे गेल्यावर सुमारे दीड तासाने ज्येष्ठा नक्षत्र लागते. आणि पुढे वीस-बावीस तासांनी, चंद्र तारकेपासून मुठीएवढे अंतर दूर गेलेला असताना जी मुलगी जन्मते ती मात्र दिराच्या मुळावर येते. गौरींच्या दिवसांत आभाळ मोकळे असल्यास हे कोणालाही नुसत्या डोळ्यांनी पडताळता येईल. आवाहनाच्या संध्याकाळी चंद्र बहुधा तारकेच्या उजव्या अंगास अथवा तिच्या अगदी लगत असतो, व पूजनाच्या संध्याकाळी तिला मागे टाकून डावीकडे गेलेला असतो.

एवढ्याने भागत नाही. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी गेल्याच्या गेल्या शतकात वेधास जुळेल असे पंचांग करण्याचा जो उद्योग आरंभिला, त्यातून निघालेली व पुढे लोकमान्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रेवती तारकेपासून आरंभ धरिते. तिच्याप्रमाणे चालणारी घराणी महाराष्ट्रात आजही आहेत. ह्या दोन पद्धतींत सुमारे चार अंशांचा फरक आहे, आणि एका नक्षत्राची लांबी साडेतेरा अंशांहून कमी. साधे त्रैराशिक मांडिले तर शंभरातील जवळजवळ तीस जन्मांचे नक्षत्र दोन पंचांगांत दोन प्रकारचे येते. एका पंचांगाने अनुराधेच्या अखेरच्या भागात जन्मलेली निर्धास्त मुलगी दुसऱ्याने ज्येष्ठेत पडते; आणि एकाने ज्येष्ठेच्या अखेरीस जन्मलेली मुलगी दुसऱ्याने मूळावर जाते. पहिले पंचांग पाहिले तर थोरल्या दिराने मृत्युपत्र करावे, दुसरे पाहिले तर सासऱ्याने! मुलगी एक, जन्मवेळ एक, आकाश एक; धोक्यात कोण हे मात्र भिंतीवर कोणते पंचांग टांगिले आहे त्यावर ठरावयाचे. ज्यांस ह्या आरंभबिंदूच्या वादाचा इतिहास पाहावयाचा असेल त्यांनी शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ अवश्य चाळावा. मराठीत इतक्या परिश्रमाचे पुस्तक क्वचितच झाले असेल, आणि ते घरात ठेवणाऱ्यांपेक्षा कुंडलीचे सॉफ्टवेअर ठेवणारे आज कितीतरी अधिक आहेत ही आम्हांस खेदाची गोष्ट वाटते.

प्राचीनतेचा आधार घेणारे म्हणतील की, ज्येष्ठेविषयीचे भय राम दैवज्ञाहूनही जुने आहे. ते खरे आहे, आणि ते आम्ही लपवू इच्छीत नाही. अथर्ववेदात ‘ज्येष्ठघ्नी’ हे भयसूचक नाव येते. परंतु ते जेथे येते ते सूक्त त्या वेळी जन्मलेल्या बालकाचे रक्षण व्हावे, ते वाढून सुखरूप राहावे, अशा प्रार्थनेचे आहे. ज्या काळी बाळंतपणात माता व अर्भक दोघांचाही भरवसा नसे त्या काळच्या मनुष्याने भ्यावे हे स्वाभाविकच. भिऊन त्याने मुलासाठी देवाकडे आयुष्य मागितले. त्याचे वंशज म्हणविणाऱ्या आम्ही त्या भयाचे काय केले? आम्ही ते जवळ ठेविले आणि प्रार्थना तेवढी टाकून दिली.

दुसरा पक्ष अनुभवाचा. “अमक्याच्या घरी ज्येष्ठेवरची सून आली आणि वर्षाच्या आत थोरला मुलगा गेला,” अशी एक तरी गोष्ट प्रत्येक आळीत ऐकावयास मिळते. चंद्र सत्तावीस नक्षत्रे साधारण सत्तावीस दिवसांत फिरतो. तेव्हा दर सत्तावीस मुलींत एक ज्येष्ठेवरची असणारच. ह्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. त्यांतील ज्येष्ठेवरच्या मुलीच साडेतीन लाखांच्या वर होतील, आणि दोषी मानलेली चारही नक्षत्रे धरिली तर देशातील दर सात मुलींपैकी एक त्यांत मोडेल. इतक्या घरांत कोणाचा ना कोणाचा दीर वा सासरा मरणार नाही असे कसे होईल? ज्या सुनेच्या घरी तसे घडले नाही तिची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि अश्विनी-पुष्यावरच्या सुनेचा दीर वारला तर तिचे नक्षत्र कोणी पाहावयास जात नाही. अनुभव मोजावयाचा तर दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. तशी मोजदाद करण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न आमच्याच पुण्यात झालेला आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी ह्यांनी शंभर हुशार व शंभर बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या पत्रिका जमविल्या, आणि प्रत्येक ज्योतिषास त्यांतील चाळीस देऊन हुशार कोण व तसा नसलेला कोण एवढेच ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ निघाले. नाणे उडवून निर्णय केला असता तर शेकडा ५० च्या आसपास बरोबर आली असती. हा निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांस तो पटत नाही त्यांना अधिक मोठी चाचणी घेण्यास कोणी अडविलेले नाही. हा प्रयोग करणारे डॉ. दाभोलकर २०१३ साली पुण्याच्या रस्त्यावर मारले गेले आणि डॉ. नारळीकर २०२५ साली निवर्तले. परंतु त्यांची पद्धत कोणालाही पुन्हा वापरता येण्यासारखी आहे.

आमच्या मताचे नसलेल्या, पण श्रद्धाळू व सरळ मनाच्या भगिनींस एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. ज्येष्ठ महिन्याला हे नाव पडले ते त्याच्या पौर्णिमेस चंद्र ज्येष्ठा नक्षत्राच्या आसपास असतो म्हणून. त्याच पौर्णिमेस महाराष्ट्रात वटसावित्रीचे व्रत असते. म्हणजे ज्या रात्री लक्षावधी स्त्रिया पतीच्या दीर्घायुष्यासाठी उपवास करून झोपी जातात, त्या रात्री पूर्णचंद्र ह्याच तांबड्या तारकेच्या शेजारून चाललेला असतो. आणि सावित्री तरी कोण होती? सत्यवान वर्षाच्या आत मरणार असे प्रत्यक्ष नारदाने सांगितले असता, बापाने दुसरा वर पाहा म्हणून विनविले असता, “एकदा वरिले ते वरिले” असे म्हणून तिने भविष्य बाजूला सारिले. तिच्या बापानेही अखेर मुलीचेच ऐकले. अशा स्त्रीची पूजा वडाला सूत गुंडाळून करावयाची आणि संध्याकाळी घरी येऊन भावी सुनेचे नक्षत्र ज्योतिषाकडून तपासून आणावयाचे, हे सावित्रीस तरी कितपत रुचले असते?

कायद्याने ही गोष्ट सुटेल असे आम्हांस वाटत नाही. महाराष्ट्रात २०१३ सालापासून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे, आणि तो असावा हे योग्यच. परंतु दिवाणखान्यात बसून सौम्य शब्दांत “पत्रिका जुळत नाही” म्हणणाऱ्या गृहस्थास कोणते कलम लावणार? येथे अधिकार आहे तो मुलांच्या आईबापांचा आणि त्याहूनही अधिक स्वतः मुलांचा. मुलींच्या बापांनी पत्रिका दाखवू नये असा उपदेश पुष्कळ वेळा केला जातो. आमच्या मते तो उपदेश चुकीच्या दारी जातो. ज्याला मुलगी द्यावयाची आहे तो आजच्या स्थितीत अडलेला असतो, आणि अडलेल्याने प्रथम बंड करावे ही अपेक्षा करणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. ज्याच्या घरी उपवर मुलगा आहे त्याने बोलणी सुरू होतानाच आपण होऊन सांगावे की, “आम्हांस जन्मनक्षत्र नको.” ह्या एका वाक्याला खर्च काही नाही. जो तरुण परदेशी जाऊन यंत्रशास्त्र अथवा वैद्यक शिकून येतो आणि वधूच्या नक्षत्राचा प्रश्न निघाला की “ते आईबाबा पाहतात” असे म्हणून खिडकीबाहेर बघतो, त्याच्या विद्येविषयी आमचा आदर तितका राहत नाही. विवाह जुळविणाऱ्या संस्थांनी नक्षत्राचा रकाना अर्जातून काढून टाकावा. निदान तो रिकामा ठेविला असता अर्ज अपुरा समजू नये. पूर्वीच्या वर्तमानपत्रांत ‘मूळ, ज्येष्ठा क्षमस्व’ अशा ओळी छापल्या जात. आजही जेथे तशी ओळ येते तेथे संपादकाने ती छाटावी. जाहिरातदार त्यामुळे रुसला तर रुसू द्यावा.

शाळांविषयी एक सूचना. भूगोलाच्या पुस्तकात सूर्यमालेचे चित्र असते, परंतु आकाशाकडे बोट दाखवून एकही तारका ओळखू न शकणारी मुले परीक्षेत त्या चित्राला पूर्ण गुण मिळवितात. एप्रिल-मे महिन्यांत शाळा बंद असतात हे खरे; पण ज्या गावी एखादा हौशी शिक्षक अथवा खगोलमंडळ आहे तेथे सुटीतल्या एका रात्री मुलामुलींस मैदानावर जमवून विंचू दाखविणे कठीण नाही. अनुराधा, ज्येष्ठा व मूळ ह्या तिन्ही एकाच दृष्टीत येतात, त्यासाठी यंत्र लागत नाही, आणि अकरा-साडेअकरापर्यंत थांबल्यास नांगीसकट संपूर्ण विंचू वर आलेला दिसतो. सोबत चालू महिन्याचे पंचांग न्यावे, आणि चंद्र वृश्चिकात असेल अशी रात्र निवडावी. त्या रात्री पंचांगात कोणते नक्षत्र लिहिले आहे ते मुलांपैकीच एखाद्याने मोठ्याने वाचावे, आणि चंद्र तांबड्या तारकेच्या कोणत्या बाजूस किती बोटे आहे हे दुसऱ्याने हात लांब करून मोजावे. त्या घोळक्यात ज्येष्ठेवर जन्मलेली एखादी मुलगी असेल तर मोजण्याचे काम तिच्याकडे द्यावे.